टॅब हंटरची ७८ ची रेकॉर्ड डिजिटल करताना: जून ते ऑगस्टच्या नोंदी

१४ जून २०२५, शनिवार

रेकॉर्ड घरी आली. दादर ते भांडुप, स्लो लोकल, मुद्दाम दुपारची. दोन जाड पुठ्ठ्यांच्या मध्ये रेकॉर्ड, त्यावर जुना टॉवेल, त्यावर प्लास्टिकची पिशवी, आणि बॅग पूर्ण वेळ पोटाशी. ७८ ची, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणारी जुनी रेकॉर्ड लाखेची असते, नंतरच्या प्लास्टिकच्या एलपीसारखी वाकत नाही, हातातून सुटली की काचेच्या बशीसारखी फुटते.

रेकॉर्ड काकांची. काका माझे नात्यातले नाहीत, दहाएक वर्षांपूर्वी एका मित्राच्या घरी ओळख झाली, मी गे, तेही गे, आणि तिथे जमलेल्या लोकांत मराठी बोलणारे आम्ही दोघंच होतो म्हणून बाजूबाजूला बसलो ते अजून तसेच आहोत. ते ८२, मी ४१. गेल्या महिन्यात म्हणाले, "अरे, माझी एक रेकॉर्ड आहे, ती मोबाइलवर येईल का बघ." मी म्हटलं गाणं नेटवर आहेच की काका, लावून देतो. लावलं. ऐकलं आणि म्हणाले, "हे नाही. माझ्यातलं पाहिजे."

तर गाणं 'यंग लव्ह', १९५७, लंडन नावाच्या कंपनीचं लेबल, दुसऱ्या बाजूला 'रेड सेल्स इन द सनसेट'. गायक टॅब हंटर. हे नाव मी आमच्या ग्रुपमध्ये विचारलं, तिशीच्या आतल्या एकालाही माहीत नव्हतं. मूळचा हॉलिवूडचा नट, १९५५ च्या 'बॅटल क्राय' नंतर शाळकरी मुली त्याच्यासाठी वेड्या झाल्या, मग त्याच्याकडून गाणं गाऊन घेतलं आणि ते अमेरिकेत सहा आठवडे आणि इंग्लंडात सात आठवडे एक नंबरवर राहिलं.

रेकॉर्डची अवस्था: कडेपासून आत साधारण दोन सेंटिमीटर बारीक क्रॅक, आरपार. बी साइडला त्या क्रॅकवर कोणीतरी पन्नासेक वर्षांपूर्वी सेलोटेप लावलेली, टेप कधीच गळून गेली, पिवळा गोंद तेवढा खाचांत बसलाय. वरून पावसाळ्याची पांढरी बुरशी. कव्हरमध्ये मासिकातून कापलेला एक फोटो, घोड्याच्या मानेवर हात ठेवून उभा टॅब, कात्रीने कापताना घोड्याचा एक कान उडालाय. तो फोटो मी घरी आणला नाही, काकांकडेच राहू दिला.

१५ जून, रविवार

पहिली मोठी चूक, आणि हीच सगळ्यात आधी वाचा. गोंद काढायला मी कापसावर आयसोप्रोपिल अल्कोहोल, म्हणजे एक प्रकारचं स्पिरिटच, घेतलं, एलपी मी त्यानेच पुसतो, हात सवयीने बाटलीकडे गेला. दोन सेकंदांत कापूस काळा. मला वाटलं घाण निघतेय. घाण नव्हती, रेकॉर्डच निघत होती. लाख स्पिरिटमध्ये विरघळते, सुतार लोक पॉलिश करायला लाखेचे पापुद्रे स्पिरिटमध्येच भिजत घालतात, हे मी लहानपणी घरी कपाटाचं काम चालू असताना डोळ्यांनी पाहिलेलं, आणि तरी. नखाएवढा भाग करडा आणि खरखरीत झाला. नशीब एवढंच की बी साइडला, आणि गाणं सुरू होण्याआधीच्या मोकळ्या पट्टीत. त्या दिवशी पुढे काही केलं नाही. काकांना लगेच फोन करून सांगितलं, लपवलं नाही. म्हणाले, "गाणं आहे ना? मग झालं."

२२ जून, रविवार

साफसफाई, नीट. डिस्टिल्ड वॉटर (बॅटरीत घालतात ते, पेट्रोल पंपावर मिळतं), त्यात बेबी शाम्पूचा एक थेंब, मऊ ब्रश, खाचांच्या दिशेने गोल. लेबल कोरडं ठेवायचं, मी वरून स्टीलच्या वाटीचं झाकण दाबून धरलं. पाण्यात भिजत ठेवायचं नाही, लाखेत दगडाची पूड वगैरे भरलेली असते, ती पाणी पिते. गोंदासाठी एका जुन्या रेकॉर्डवाल्याने सांगितलं ते केलं: पेट्रोल लायटरचं फ्लुइड, इअरबडवर एक थेंब, खिडकी उघडी ठेवून. लाखेला त्याने काही होत नाही. गोंद मऊ पडला की बांबूच्या टूथपिकने हळूहळू. दोन तास गेले आणि अर्धाच निघाला.

खर्च: पाणी ४०, ब्रश १२०, फ्लुइड १५०, सिलिका जेलच्या पुड्या १८०.

२९ जून, रविवार

दुसरी चूक. माझ्या टर्नटेबलवर ७८ चा स्पीड आहे म्हणून खूश होतो, सुई मात्र एलपीचीच होती. ७८ ची खाच एलपीच्या तिप्पट-चौपट रुंद, त्यामुळे बारीक सुई भिंतींना टेकतच नाही, सरळ तळाशी जाऊन कचऱ्यात घासत बसते. स्पीकरमधून जे आलं ते कढईत मोहरी टाकल्यासारखं, आणि त्यात लांब कुठेतरी एक माणूस. तरी मी हट्टाने तीन वेळा वाजवलं. संध्याकाळी एलपी लावून बघितली तर 'स'चे उच्चार सगळे फाटलेले, म्हणजे सुई गेली. २,६०० रुपये.

ऑडिओ टेक्निकाची ७८ साठीची कार्ट्रिज (सुई बसवलेला भाग) मागवली, व्हीएम९५एसपी, तीन मिलची, म्हणजे इंचाच्या तीन हजारांश मापाची सुई, पोस्टेज धरून ७,४०० ला पडली. येईपर्यंत काम बंद.

६ जुलै, रविवार, आषाढी

काकांकडे गेलो, साबुदाण्याची खिचडी खाल्ली. नुसत्या गप्पांना गेलो होतो पण कामाची माहिती तिथेच मिळाली, म्हणून लिहितोय.

रेकॉर्ड त्यांच्या मोठ्या भावाने काळा घोड्याच्या रिदम हाऊसमधून आणलेली, नये पैसे नवीन आले होते ते वर्ष. ते दुकान २०१६ ला बंद झालं तेव्हा काका मुद्दाम जाऊन बाहेर उभे राहून आले होते. घरी चावीचा ग्रामोफोन, लोखंडी पिन. लोखंडी पिन दर वेळी खाच थोडी खाते, म्हणजे भिंतीचा ठरावीक उंचीचा भाग झिजलेला असणार, हे मला सुई लावताना उपयोगी पडणार होतं.

काका तेव्हा १४ वर्षांचे. आकाशवाणीवर फिल्मी गाणी बंद झाली तेव्हापासून घरात रेडिओ सिलोन लागायचं, इंग्लिश गाण्यांच्या कार्यक्रमात हे गाणं भावाने ऐकलं आणि भाऊ पगारदार म्हणून रेकॉर्ड आली. भावाला दोन महिन्यांत कंटाळा आला. काकांना नाही आला. दुपारी आई झोपली की ग्रामोफोनवर चादर टाकून, कान लावून.

मी विचारलं, काका, त्या गाण्यात तर सरळ आहे की प्रत्येक मुलामुलीसाठी जगात एकच प्रेम असतं, तुम्हाला ऐकताना टोचायचं नाही का? म्हणाले, "अरे मी मराठी शाळेतला, आठवीपासून इंग्रजी. मला लव्ह तेवढं कळायचं. बाकी आवाज."

मी कित्येक वर्षं हिंदी गाण्यांत 'गोरी' आली की मनातल्या मनात शब्द बदलून ऐकत आलोय. ह्या माणसाला बदलावं लागलंच नाही. त्याच्यासाठी तिथे मुलगी नव्हतीच, एक मुलगा गात होता आणि एक मुलगा चादरीखाली ऐकत होता.

पुढचं मला आधीपासून माहीत होतं. जुलै २०१८. सकाळी सकाळी काकांचा फोन, पेपरात बातमी आहे, टॅब हंटर गेला, ८ जुलैला, ८७ वा वाढदिवस तीन दिवसांवर असताना. आणि त्याच बातमीत खाली, की तो गे होता, २००५ मध्ये आत्मचरित्रात स्वतःच सांगितलं होतं, तीसहून जास्त वर्षं एका जोडीदाराबरोबर राहत होता. काकांना हे ६१ वर्षांनी कळलं. फोनवर एवढंच म्हणाले, "अरे, तोही." मग बराच वेळ काही नाही, मागे कुकरची शिट्टी. त्याच आठवड्यात, १० जुलैला, सुप्रीम कोर्टात समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ ची सुनावणी सुरू झाली. ६ सप्टेंबरला निकाल आला तेव्हा मी पेढे घेऊन गेलो, काका टीव्हीसमोर, काकूंच्या फोटोला हार ताजा. काकू २०१४ ला गेल्या. त्याबद्दल काका बोलत नाहीत आणि मी विचारत नाही.

१३ जुलै, रविवार

कार्ट्रिज आली. हिला पाच ग्रॅम वजन लागतं, माझ्या आर्मचा काटा चारवर संपतो. हेडशेलवर, म्हणजे आर्मच्या ज्या टोकाला कार्ट्रिज बसते तिथे, ब्लू टॅकचा (भिंतीला कागद चिकटवायचा मऊ गोंद) गोळा ठेवला, सोनाराच्या छोट्या डिजिटल काट्यावर मोजून बरोबर एक ग्रॅम. जुगाड आहे पण सुई पूर्ण रेकॉर्डभर एकदाही उडाली नाही, क्रॅकवरसुद्धा.

आणि आवाज आला. जाड सुई खाचेत वरच्या बाजूला बसते, लोखंडी पिनने झिजवलेल्या पट्ट्याच्या जरा वर, त्यामुळे तिथे अजून गाणं शिल्लक आहे. गिटार वेगळी, मागचा कोरस वेगळा, मध्ये तो. मी पंख्याचं बटण बंद केलं आणि उभा राहूनच ऐकलं.

रेकॉर्डिंग स्टिरिओमध्येच घ्या, रेकॉर्ड मोनो असली तरी. डावा चॅनल म्हणजे खाचेची एक भिंत, उजवा म्हणजे दुसरी. दोन्ही वेगवेगळे ऐकून बघा. माझ्या केसमध्ये उजवी भिंत शेवटच्या अर्ध्या मिनिटात फाटते, डावी बरी आहे, म्हणून सुरुवातीचं दोन्ही मिसळून आणि शेवट फक्त डावीकडून असं जोडलं. सांधा कोरसच्या खाली लपवला, ऐकू येत नाही.

२० आणि २७ जुलै

दोन रविवार वाया, थोडक्यात लिहितो. क्रॅकमुळे दर फेऱ्याला एक टिक, म्हणजे ०.७७ सेकंदाला एक, पहिली चाळीसेक सेकंद, मोजल्या तर ५५. ऑडॅसिटी ह्या आवाज एडिट करायच्या सॉफ्टवेअरमधलं ऑटोमॅटिक क्लिक रिमूव्हल लावलं. टिका गेल्या आणि त्यांच्याबरोबर गिटारच्या तारेवरचा नखाचा आवाज पण गेला, 'ट' आणि 'क' सगळे बोबडे झाले, कारण सॉफ्टवेअरला टिक आणि 'ट' सारखेच दिसतात. सेटिंग कमी केलं तर टिका राहतात. चार रात्री ह्याच्यातच मागेपुढे केलं. शेवटी हाताने करायचं ठरवलं तर रिपेअर नावाचं जे टूल आहे ते १२८ सॅम्पलच्या (आवाजाच्या मोजमापांच्या) वर चालतच नाही, आणि मी हौसेने ९६ किलोहर्ट्झला, म्हणजे सेकंदाला ९६,००० सॅम्पल, रेकॉर्ड केलेलं, तिथे १२८ सॅम्पल म्हणजे फक्त १.३ मिलिसेकंद, माझी एकेक टिक दोनची. मूळ फाइल तशीच जपून ठेवली, कामाची कॉपी ४४.१ ला आणली, आता टिक ९० सॅम्पलमध्ये बसते. हे पहिल्या दिवशी माहीत असतं तर जुलैत संपलं असतं.

१९ ऑगस्ट, मंगळवार

कालपासून पाऊस थांबायचं नाव नाही, ट्रॅकवर पाणी, ऑफिस घरूनच. दुपारनंतर लाइट गेले नाहीत हे नशीब. बसलो आणि ५५ पैकी उरलेल्या ३८ टिका आज काढल्या.

पद्धत: वेव्हफॉर्म (स्क्रीनवरचा आवाजाचा आलेख) एवढं मोठं करायचं की टिक भाल्यासारखी उभी दिसते, आधी एक बारीक दात, मग उंच टोक, मग दोन-तीन लाटा. टोकाच्या आधीचा दात पण निवडीत घ्यायचा, तो राहिला तर टिकच्या जागी 'टप' ऐकू येतं. रिपेअर. मग आधीच्या दोन सेकंदांपासून ऐकायचं. एका टिकला तीन ते चार मिनिटं.

ह्यामुळे मी ती पहिली चाळीस सेकंद आज निदान दोनशे वेळा ऐकली, आणि एक सांगायचंय. टॅब हंटरबद्दल जिथे वाचाल तिथे हेच, की दिसायला देखणा, आवाज यथातथा, गायक नव्हताच. आवाज लहान आहे हे खरं. पण तो प्रत्येक ओळीच्या आधी श्वास घेतो आणि तो श्वास पूर्ण घेत नाही, अर्धा घेऊन सूर पकडतो, आणि सूर सोडताना लांबवत नाही, जागेवर ठेवून देतो, जसं दुसऱ्याच्या घरात आपण कप खाली ठेवतो, आवाज न करता. त्या वेळी त्याच्या आयुष्यात काय चालू होतं ते बघा. सप्टेंबर १९५५ मध्ये एका गॉसिप मासिकाने त्याची १९५० ची अटक छापलेली, पुरुषांच्या एका पार्टीवर धाड पडली होती तेव्हाची. स्टुडिओ त्याला नटी नटाली वूडबरोबर फोटोंना पाठवत होता, आणि खरं नातं होतं ते नट अँथनी पर्किन्सशी, जे कुणाला कळता कामा नये. असा माणूस माइकसमोर उभा राहून मुलामुलींच्या प्रेमाचं गाणं गातो, तो पूर्ण छातीने कसा गाईल? लोक त्याला कच्चा आवाज म्हणतात. मी आज दोनशे वेळा ऐकून सांगतो, मला तो सांभाळून वागणाऱ्या माणसाचा आवाज वाटतो, आणि तो मला ओळखीचा आहे, मी कॉलेजभर त्याच आवाजात बोललोय. चौदा वर्षांच्या मुलाने चादरीखाली इंग्रजी न कळता नेमकं काय ओळखलं असेल ते मला आज कळलं असं वाटतं.

(एक गोष्ट इथेच लिहून ठेवतो, मागून येणाऱ्यांना माहीत असावी. गाणं अमेरिकेत दुसऱ्या कंपनीसाठी गायलेलं, डॉट रेकॉर्ड्स, आणि टॅब कराराने वॉर्नर ह्या फिल्म स्टुडिओचा. गाणं चाललेलं बघून वॉर्नरने त्याचं तिकडचं पुढचं काम थांबवलं आणि १९५८ ला स्वतःची रेकॉर्ड कंपनी काढली. वॉर्नर ब्रदर्स रेकॉर्ड्स ती हीच. एवढी मोठी कंपनी ज्याच्या गाण्यामुळे निघाली त्याचं नाव आज विचारावं लागतं.)

२४ ऑगस्ट, रविवार

गणपती तीन दिवसांवर, दादर स्टेशनबाहेर पाय ठेवायला जागा नाही, मखरं, झेंडू, आणि मी खिशात पेनड्राइव्ह. फाइल काकांच्या मोबाइलवर टाकली. त्यांची श्रवणयंत्रं ब्लूटूथची आहेत, लावलं तर गाणं मधेच बुडायचं आणि वर यायचं. मला वाटलं फाइल खराब. तसं नव्हतं, यंत्र रेकॉर्डची खरखर हा बाहेरचा गोंगाट समजून दाबत होतं. त्याच्यात म्युझिकचा वेगळा प्रोग्राम असतो, तो निवडल्यावर सरळ झालं. म्हाताऱ्या माणसांसाठी करत असाल तर हे आधी तपासा.

काकांनी पूर्ण ऐकलं. मान हलवली. मग म्हणाले, "छान केलंस रे. पण हा मोठा माणूस आहे."

मला कळेना. मी म्हटलं काका, हीच तुमची रेकॉर्ड. म्हणाले, "हो, पण आमच्याकडे तो लहान होता. आमच्या शाळेतल्या अकरावीच्या मुलाएवढा."

घरी येताना ठाण्याच्या गाडीत डोक्यात प्रकाश पडला. चावीचा ग्रामोफोन! त्याचा स्पीड बाजूच्या खटक्याने कमीजास्त होतो, ७८ म्हणजे नक्की ७८ कोण बघतंय, भावाने खटका पुढे ढकललेला असणार. गाणं भराभर, सूर वर, आवाज कोवळा. काकांनी ज्याच्यावर जीव लावला तो मुलगा ह्या रेकॉर्डवर नव्हताच, तो ह्या रेकॉर्डच्या आणि त्या ग्रामोफोनच्या मध्ये कुठेतरी होता.

३० ऑगस्ट, शनिवार

तीन फाइल केल्या. ऑडॅसिटीत चेंज स्पीड अँड पिच वापरायचं, नुसतं चेंज पिच नाही, कारण ग्रामोफोनवर सूर आणि लय दोन्ही एकत्र वाढतात. ३ टक्के, ४.५ टक्के, ६ टक्के. सहा म्हणजे जवळपास एक पूर्ण अर्धसूर वर, ७८ च्या जागी साधारण ८२.७ फेरे.

काकांना कोणती किती ते न सांगता ऐकवल्या. पहिलीला नाही. दुसरीला, "जवळ आलाय." तिसरी सुरू झाली आणि त्यांनी हात वर केला, मला गप्प राहायला सांगतात तसा, मी काही बोलत नव्हतो तरी. संपल्यावर मोबाइल माझ्याकडे न देता म्हणाले, "परत कसं लावायचं?" मी बटण दाखवलं. त्यांनी परत लावलं. मी आत जाऊन चहा टाकला, मोठ्या गॅसवर न ठेवता बारीकवर ठेवला, दोनदा उतू जाता जाता वाचवला, बाहेर गाणं चार वेळा झालं.

तेव्हा आता दोन फाइल: एक खऱ्या स्पीडची, मूळ म्हणून, आणि एक सहा टक्के वरची, नाव 'काकांची'. ज्यांना हे काम करायचंय त्यांनी ज्याच्यासाठी करताय त्याला आधीच विचारा की त्यांच्या घरी रेकॉर्ड कशावर वाजायची, चावी होती की वीज. मला ते जुलैतच कळलं होतं, त्याचा अर्थ लागला ऑगस्टच्या शेवटी.

एकूण खर्च १०,४९०, त्यात २,६०० ची सुई पूर्ण चुकीने गेलेली. वेळ साधारण ६० तास, त्यातले वीस-बावीस वाया.

बी साइड बाकी आहे. क्रॅक आरपार, म्हणजे तिथेही पन्नासेक टिका असणार, वर उरलेला गोंद आणि माझा तो करडा डाग. काका म्हणाले घाई नाही, ती बाजू भावाला आवडायची.